रीळ बदलेपर्यंत

चिंचटोलीतल्या बायकांनी जुने चांगले सिनेमे सगळे उलटे पाहिलेले आहेत. आमचा नायक डाव्या हाताने पत्र लिहायचा, डाव्या हाताने तलवार उपसायचा आणि नायिकेच्या भांगात कुंकूही डाव्याच हाताने भरायचा. त्यात काही चुकतंय असं आम्हाला कधी वाटलं नाही. होळी झाली की धुळवडीपासून रंगपंचमीपर्यंत आमच्या मोहल्ल्यात रोज संध्याकाळी कार्यक्रम असत, त्याला सगळे फागाचा हप्ता म्हणत. एक दिवस दंडार, म्हणजे मिशा भादरून लुगडं नेसलेल्या पुरुषांचं नाचगाणं, एक दिवस भजनांची चढाओढ, शेवटी पंचमीला मोहल्ल्यातल्या हौशी लोकांचा कार्यक्रम, आणि मधले दिवस सिनेमा. राइस मिलच्या भिंतीपासून चिंचांपर्यंत मोकळं मैदान होतं. त्याच्या बरोबर मध्ये बांबू रोवून पांढरा पडदा ताणायचे. मशीन आणि पुरुषमंडळी चिंचांकडे, बायका मिलच्या भिंतीकडे, म्हणजे पडद्याच्या मागे. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणाला सांगता यायचं नाही. कापड पातळ होतं, आणि सिनेमा लागायच्या आधी त्यावर लोट्याने पाणी मारलं की चित्र आरपार उतरायचं. पाणी मारायचं काम बायकांचं. दिवसभर तापलेल्या त्या कापडावर पाणी पडलं की जो वास यायचा, तो मला आजही इस्त्री करताना मध्येच येतो. मी इस्त्री उभी ठेवून तशीच थांबते आणि मुलीला वाटतं आईला चक्कर आली.

आमचं घर मिलच्या मागच्या गल्लीत. घरात आई, बाबा, मी आणि मोठीआई. मोठीआई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले आणि घराचा कारभार तिच्याकडे आला, असं म्हणायची पद्धत होती. खरं तर तो आधीपासून तिच्याकडेच असावा. बाबा मिलमध्ये फिटर होते. त्यांच्या कपड्यांना, केसांना, उशीलासुद्धा कोंड्याचा वास असे. मिलचा पट्टा दिवसभर भिंतीपलीकडे धडधडत राही, आणि तो बंद पडला की आपण सगळे उगाच ओरडून बोलत होतो हे लक्षात येई. बाबा मात्र पट्टा चालू असो की बंद, बोलायचे एकाच मापात, म्हणजे जवळजवळ नाहीच. ताट पुढे आलं की जेवायचे, ताट उचललं की उठायचे. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही, कारण तेही ते सांगत नसत. मोठीआई म्हणायची, "माह्या देराले देवानं तोंड जेवाले देल्लं हाये फक्त." आई यावर हसायची, पण पदर तोंडाला लावून.

फागाच्या हप्त्यात आमचं स्वयंपाकघर सकाळपासून पेटलेलं असे. मोठीआई पळसाची फुलं गंजात उकळून रंग करी आणि आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळी. पडद्यामागे बसायला जाताना प्रत्येक घरची टोपली असायचीच. कोणाचे वडे, कोणाच्या करंज्या, कोणाचा नुसता फुटाणे-गूळ. पुरुषांच्या बाजूला बिडीचा धूर आणि शिस्त होती. आमच्या बाजूला सतरंज्या, पेंगणारी पोरं, पाण्याची कळशी, सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेल्या चटणीचा वास आणि अखंड बोलणं. सिनेमातली सासू वाईट वागायला लागली की आमच्याकडच्या एखाद्या सासूकडे सगळ्या वळून पाहायच्या. पाट्या उलट्या दिसत, म्हणून शिकलेल्या पोरींना सिनेमाचं नाव वाचायला वेळ लागे. मोठीआईची अक्षरओळखच नव्हती, त्यामुळे तिला उलटं काय अन् सुलटं काय. ती आम्हाला विचारायची, "शिकून का केलं मंग तुमी?"

मशीन एकच होतं. ते चालवणारे म्हातारे उस्ताद कधीकाळी गावोगावच्या तंबूच्या टॉकीजमध्ये होते. तंबू बुडाला आणि मशीन त्यांच्याकडे राहिलं. एकच मशीन म्हणजे एक रीळ संपलं की दिवा लावायचा, ते उतरवायचं, दुसरं चढवायचं आणि मग पुढचा सिनेमा. दुसरीकडे लोक तेवढ्यात पाय मोकळे करून येत असतील. आमच्याकडे त्या वेळात गाणं व्हायचं, आणि ते गाणं माझी आई म्हणायची.

हे सुरू कसं झालं ते मला आठवत नाही इतकी मी लहान होते. मोठीआई सांगायची की एकदा रीळ तुटलं, पोरं रडायला लागली, पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा तिनंच आईला कोपरानं ढोसलं. "गाय वो रेवता, तुमच्या तिकडचं काई." आईचं माहेर देवरीकडे, जंगलाला लागून. तिथे धानाची रोवणी करताना बायका रांगेनं वाकून गातात. चिखलाकडे तोंड करून, कोणाचंच तोंड कोणाला न दिसता. आई तेच गायली. रोवणीची गाणी, फागाची गाणी, कोणत्या तरी बहिणीनं भावाची वाट पाहिल्याची लांबलचक गोष्ट. तिचा आवाज गोड नव्हता, हे मी मुलगी असूनही सांगते. तो जाड होता, थोडा खरखरीत, आणि सुरुवातीला कुठून येतोय ते समजायचं नाही. पण तो निघाला की आमच्या बाजूची बोलणी थांबायची, मग पडद्यापलीकडच्या शिट्ट्या थांबायच्या. पडद्यावर तेव्हा चित्र नसायचं. पलीकडच्या दिव्यानं कापड नुसतं उजळलेलं असायचं आणि आई त्याच्याकडे तोंड करून, डोकं जरा वाकवून गायची.

यात एक गंमत होती. पडद्यामागून कोण गातं हे मोहल्ल्यात कोणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी आई दुकानात गेली की दुकानदार साखर तोलता तोलता म्हणायचा, "काल आवाज मस्त लागला, बाई. कोण होती का माईत!" आई म्हणायची, "असंल कोणी." दोघंही गंभीर. शेजारचे मास्तर आमच्या ओट्यावर बसून बाबांनाच सांगायचे की कालची बाई फार दमाची होती, आणि बाबा मान डोलवायचे. घरात मात्र आई गुणगुणतसुद्धा नसे. पीठ चाळताना नाही, अंगण झाडताना नाही. आमच्या घरात बायका गात नसत, एवढंच. मोठीआईचा हिशेब सरळ होता. "पडद्यामांगं गायलं त काय होते? तोंड थोडी दिसते!" तोंड दिसलं नाही म्हणजे गाणाऱ्या बाईला नाव नाही, आणि नाव नाही म्हणजे घराला बोल नाही. आज माझी मुलगी हे ऐकून चिडते. मीही तिच्या वयाची असताना चिडायचे.

त्या वयात माझा सगळा राग बाबांवर होता. आई गायला लागली की मी पडद्याच्या कडेनं डोकावून पाहायचे, बाबा ऐकताहेत का म्हणून. सगळे पुरुष जागच्या जागी बसलेले असायचे. बाबा एकटे मशीनजवळ, पाठ आमच्याकडे, उस्तादांच्या शेजारी वाकून यंत्रात काहीतरी बघत उभे. बायको गातेय आणि याला लोखंड दिसतंय, असं मला वाटायचं. चिंचटोलीचं रीळ बदलायला फार वेळ लागतो, अशी आजूबाजूच्या मोहल्ल्यांत कुप्रसिद्धीच होती. पोरं ओरडायची, "उस्ताद, सो गए क्या?" तरी रीळ काही चढायचं नाही. आईचं एक गाणं संपून कधी दुसरं निम्मं व्हायचं, मग खडखड सुरू व्हायची आणि आमचा डावखुरा नायक परत यायचा.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास हप्ता भरवणारं मंडळ गुड्डूभैयाच्या हातात आलं. गुड्डूभैया उत्साही माणूस. जागरणाचा मंडप असो की मयताचं सामान, सगळीकडे पुढे. त्यानं नागपूरहून नवं मशीन आणलं, चपट्या तबकडीवर चालणारं, दप्तराएवढं. पडदाही आणला जाड, मागून काळा. त्यातून सुईचाही उजेड पलीकडे जाणार नव्हता. घरोघरी येऊन त्यानं सांगितलं, "चाचीजी, अब पीछे बैठने का जमाना गया. सब सामने, कुर्सी पर." मी इतकी खूश झाले की विचारू नका. बायकांनी समोर बसावं म्हणून मी मोहल्ल्यात किती जणींशी वाद घातला होता! मोठीआई म्हणाली, "कुर्सीवर बसून वडे कसे खाव बाप्पा?" पण नवी साडी तिनंच सगळ्यांच्या आधी काढली.

पहिल्या दिवशी सगळ्या बायका समोर डावीकडे, दोरीच्या अलीकडे, ताठ बसलेल्या. सिनेमा जुनाच, दरवर्षी लागणारा, सगळ्यांना तोंडपाठ. नायक आला आणि त्यानं उजव्या हातानं टोपी काढली. बायकांमध्ये कुजबुज झाली. आई माझ्या कानाशी म्हणाली, "याचं काऊन उलटं करून राह्यले?" मी तिला समजावलं की आपण आत्तापर्यंत उलटं पाहिलं, हे खरं आहे. तिनं ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, नायिका चुकीच्या बाजूच्या दारातून आल्यासारखी वाटत होती. पण ते मी कबूल केलं नसतं.

मग ती जागा आली. नायिका दार लावून घेते आणि दाराला पाठ टेकून उभी राहते. इथे दरवर्षी पहिलं रीळ संपायचं. मला काही आठवण नव्हती, पण माझ्या शेजारी आई सरसावून बसली. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, घसा साफ केला आणि श्वास भरून घेतला. समोर नायिका दारापासून निघाली, खिडकीशी गेली, रडायला लागली. सिनेमा थांबला नाही. तो आता कुठेच थांबणार नव्हता. आईनं भरलेला श्वास तसाच हळूहळू सोडला. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे पडद्याकडे पाहत होते. मी मात्र त्यानंतरचा सिनेमा पाहिला नाही. पुढे ज्या ज्या ठिकाणी रीळ संपायचं, त्या त्या ठिकाणी तिचा पदर हलला, आणि प्रत्येक वेळी मला ते दिसलं. घरी येताना तिनं एवढंच म्हटलं, "चांगलं झालं. थांबा लागत नाई आता."

आता सांगते ते मी कोणाला विचारून केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुड्डूभैयाकडे गेले आणि म्हटलं, पंचमीच्या कार्यक्रमात माझ्या आईचं गाणं ठेवा. तो जागेवरून उठलाच. "अरे, मैं तो खुद बोलने वाला था! स्टेज पे, माइक पे, फुल लाइट में!" दुपारपर्यंत ही बातमी मोहल्लाभर झाली. इतकी वर्षं कोणालाच माहीत नसलेली बाई आता सगळ्यांना माहीत झाली. दुकानदारानं माझ्या देखत म्हटलं, "रेवताबाई गाणार म्हणते?" त्यानं आईचं नाव घेतलं होतं, पहिल्यांदाच.

मोठीआईनं घर डोक्यावर घेतलं. "तोंड दाखवून गाईल? त्या दंडारीतल्या माणसाइतलीबी लाज नाई का? ते त मिशा काढून बाई होतेत, कोणाले ओळखू येत नाई!" आई भाजी चिरत बसली होती. मी तिला म्हटलं, तू बोल, तुला गायचं आहे की नाही? ती विळीवरून नजर न काढता म्हणाली, "एवढ्या तोंडायकडं पाहून मले कसं गाता यीन वो? आवाजच नाई निघाचा." मग थोड्या वेळानं, "अन् तुह्ये बाबा काय म्हणतीन?" हाच खरा प्रश्न होता. बाबा काय म्हणतील हे तिला लग्नापासून माहीत नव्हतं. गाण्याबद्दल त्यांनी तिला कधी बरं म्हटलं नव्हतं, वाईट म्हटलं नव्हतं, गातेस हे माहीत आहे असंही म्हटलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला मी बाबांना सरळ विचारलं. "बाबा, आईनं गावं की नाई? एक शब्द तरी बोला." बाबांनी घास संपवला. "गळा तिचा हाये. तिले वाटन तसं." आणि हात धुवायला उठले. आईनं त्यांचं ताट उचललं आणि मोरीकडे जाताना मला म्हणाली, "नाई सांगजो गुड्डूले. हातचं गेलं ते गेलं." मी रडले. मला वाटलं, आता ही पुन्हा कधी गाणार नाही, पडदाही गेला आणि रीळही गेलं, आणि या माणसाला त्याचं काहीच नाही.

पंचमीच्या सकाळी उस्ताद आले. मशीनचं काम संपलं होतं, पण हप्त्यात चिंचटोलीत आल्याशिवाय त्यांना राहवेना. बाबांनी त्यांना घरी जेवायला आणलं. बाबांनी कोणाला जेवायला आणणं हीच आमच्याकडे मोठी घटना. आईनं आयते घातले. तांदळाच्या पिठाचे ते पातळ, जाळीदार पोळे गरम गरमच खायचे असतात, म्हणून आई चुलीपाशी, मी वाढायला आणि मोठीआई चौकटीत बसलेली. उस्तादांना काय बोलावं याची पोच कधीच नव्हती. नव्या मशीनला शिव्या देता देता ते म्हणाले, "और मुझे क्या मिला? इस मोहल्ले में जिंदगीभर गाली खाई. भाभी, मेरा हाथ इतना सुस्त नहीं था. पानवाला पान लगाए, उतनी देर में रील चढ़ा देता था मैं."

मोठीआईला राहवलं नाही. ती तिच्या हिंदीत म्हणाली, "तो फिर इत्ती देर काऊन लगती थी जी?"

"इनसे पूछो." उस्तादांनी हातातल्या आयत्यानंच बाबांकडे दाखवलं. "बाजू में आके खड़े हो जाते थे. मैं रील चढ़ाने जाऊँ तो मेरी कलाई पकड़ लेते थे. बोलते, रुको उस्ताद, गाना पूरा होने दो. पूरा होता तो बोलते, दूसरा शुरू हुआ है, अब बीच में कैसे काटोगे? सीटियाँ मुझ पर बजती थीं, और ये ऐसे झुक के खड़े रहते जैसे मशीन बिगड़ गई हो!"

तव्यावरचा आयता करपल्याचा वास आला, तरी आईनं तो उलटला नाही. बाबांचे कान लाल झाले होते. मी माझ्या बापाला लाजताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते ताटाकडे बघून म्हणाले, "घ्या ना उस्ताद, आखीन एक." मोठीआईनं बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि चक्क गप्प बसली. आईनं करपलेला आयता काढून बाजूला ठेवला, तवा पुसला, नवा घातला. तो होईपर्यंत ती त्याच्याकडेच पाहत होती. मग पाठमोरीच मला म्हणाली, "हेमा, गुड्डूले सांगून ये. गाते म्हणाव. पण पडदा लागन. आपला, पहिलेचा." जुना पडदा उस्तादांच्या ट्रंकेत होता. ते अर्धं जेवण टाकून सायकलवर आणायला निघाले, आणि बाबा त्यांच्या मागोमाग.

संध्याकाळी गुड्डूभैयानं पडदा पाहून कपाळावर हात मारला, पण बांबू त्यानंच रोवले. स्टेजच्या मधोमध जुनं कापड ताणलं. त्यावर शिवणी होत्या, पिवळे डाग होते. सिनेमा नव्हता, तरी आईनं सवयीनं लोटा घेतला आणि त्याला पाणी मारलं. मोहल्ला समोर बसला, सगळा, बायकासुद्धा. पडद्यामागे आई, मी आणि मोठीआई, आणि आईच्या पुढ्यात माइक. पलीकडून दिवा लागला, कापड उजळलं. आईनं पदर पुढे घेतला, आणि तेवढ्यात स्टेजच्या मागच्या पायऱ्या चढून बाबा आले. अंगात धुतलेला सदरा, केस ओले. ते सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले, आईकडे तोंड करून.

आई म्हणाली, "इकडं कायले? सगळे माणसं तिकडं हायेत ना."

"तिकडून ऐकलो एवढे वर्स," बाबा म्हणाले. "गातांनी कधी पायलो नाई."

ते माइकमधून सगळीकडे ऐकू गेलं. समोर कोणीतरी टाळी वाजवली आणि मग हसण्याचा जो गदारोळ उठला तो थांबेचना. आईनं पदरानं तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते मला पदराबाहेरून कळलं नाही. शेवटी मोठीआई खेकसली, "गाय ना वो आता! नवऱ्याचं तोंड काय घरी पाह्याले भेटत नाई का?" हेही माइकमधून गेलं. आईनं पदर काढला, बाबांकडे एकदा नीट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मग गायली. भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीचं, दर वेळी मशीनच्या खडखडीनं निम्म्यावर तुटणारं ते लांबलचक गाणं पहिल्यांदा पूर्ण झालं. त्याचा शेवट मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता, भाऊ येतो की नाही हे मला त्या दिवशी कळलं. पण मी खरं तर आईकडे पाहतच नव्हते. मी बाबांकडे पाहत होते. ते जरासे पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि पापणी लवत नव्हती.

फागाचा हप्ता पुढे काही वर्षं रडतखडत चालला आणि मग बंद पडला. घरोघरी छपरांवर टीव्हीच्या ताटल्या आल्या, मैदानावर मिलचं नवं गोदाम झालं, गुड्डूभैया रायपूरला गेला. आई त्यानंतर चारचौघांत गायली नाही. कोणी म्हटलं तर म्हणायची, झालं गाऊन. तिचा आवाज कोणी टेपवर घेतला नाही, फोनवर घेतला नाही, कोणाला सुचलंच नाही. हे मी आता कितीही वेळा म्हटलं तरी माझी हळहळ जात नाही. माझ्या मुलीनं आजीचं गाणं ऐकलेलं नाही. मी म्हणून दाखवायला जाते, पण माझा आवाज बारीक आहे, आणि शब्दही निम्मेच येतात. आई गेली तेव्हा मोठीआई होती. थकली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं. तिनं आईच्या उशाशी बसून एकच विचारलं, "गायली होती का वो आता एवढ्यात?"

बाबा आता माझ्याकडे असतात, कुडव्याला. बोलणं अजून त्याच मापात. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली होती, पंखा बंद, आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी त्यांना विचारलं. म्हटलं, बाबा, उस्तादाचा हात धरत होता तुम्ही. मग घरी तिला कधी का नाही म्हटलं, गाय म्हणून? मला वाटलं ते उत्तर देणार नाहीत.

"अख्खा मोहल्ला चूप बसून ऐके ना," ते म्हणाले, "तवा मले वाटे, हे आपली हाये. घरी म्हणाचं सुचलंच नाई."

मी पाणी आणायला उठले. दारापर्यंत गेले तेव्हा ते मागून पुन्हा बोलले, माझ्याशी की स्वतःशी, सांगता येत नाही.

"तिले म्हणाले पाह्यजे होतं. नाई नसती म्हणली ती."